हॅमचं हाड आणि दुःखाचा रकाना

वजनमापे खात्यातल्या तपासनिसांनी उभ्या आयुष्यात एकदाच सूप केलं. सूप तसं बरं झालं. पण त्यापायी एका जित्याजागत्या बाईच्या नावानं फुलं आली, एका सद्गृहस्थाला आपल्याच सल्ल्याची धास्ती बसली आणि इमारतीच्या रजिस्टरात पहिल्यांदाच खाडाखोड झाली. या सगळ्याला तपासनीस जबाबदार होते, आणि त्यांनी जे केलं ते अत्यंत प्रामाणिकपणे केलं होतं. प्रामाणिकपणाचा त्रास त्यांना लहानपणापासूनच होता.

सुरुवात शनिवारी ऑफिसात झाली. मोठ्या साहेबांच्या निरोपाच्या जेवणाला अख्खा हॅम मागवला होता. म्हणजे डुकराची सबंध मांडी, खारवलेली, धुरावर शेकलेली, वरून तकतकीत. ती आणायला दोन कारकून लागले. पण भाषणं जसजशी लांबत गेली तसतसा हॅम आखडत गेला, आणि तपासनिसांची पाळी आली तेव्हा त्यांच्या वाट्याला दोन चकत्या आल्या, ज्यांच्या आरपार टेबलावरचं वर्तमानपत्र वाचता आलं असतं. शेवटी परातीत फक्त हाड उरलं. शिपाई ते उचलून टाकायला निघाला, तेव्हा तपासनीस म्हणाले, "थांबा. ते हाड मला द्या."

सगळं ऑफिस त्यांच्याकडे वळलं. सव्वीस वर्षं नोकरी झालेला, चष्म्याला दोरी लावणारा, रजेचा अर्जसुद्धा समास सोडून लिहिणारा माणूस हाड मागतोय हे कुणालाच पटेना.

"कुत्रा पाळलात वाटतं," एका कारकुनानं विचारलं.

"नाही. सासूबाईंसाठी हवंय," तपासनीस म्हणाले.

लोक इतके का हसले ते त्यांना कळलं नाही. त्यांनी हाड ऑफिसच्या काट्यावर ठेवलं, एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम भरलं, तसं कागदावर लिहिलं आणि तो कागद हाडासकट पिशवीत घातला.

सासूबाईंचं म्हणजे असं होतं. आठ दिवस त्यांना ताप होता. ताप उतरला, पण जाताना भूक बरोबर घेऊन गेला. पेज नको, दूध नको, मऊ भात नको. तोंडाला चव नाही म्हणायच्या आणि भिंतीकडे कूस बदलायच्या. डॉक्टर शनिवारी सकाळी येऊन सांगून गेले होते की सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल. ते ऐकून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी दवाखान्यात जाणार नाही. तिथनं आमचे हे परत आले नाहीत." आणि मग खूप वेळानं लेकीला म्हणाल्या, "हाडाचं सूप असतं तर घेतलं असतं चार चमचे. पण या घरात कोण करणार."

हे शेवटचं वाक्य बंद दाराआडून तपासनिसांच्या कानांवर आलं होतं. त्यानंतर बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा आवाज कशासाठी असतो हे एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांना कळलेलं होतं. ते तसेच उंबऱ्यात उभे राहिले आणि मग ऑफिसला उशीर होतो म्हणून निघून गेले. दिवसभर त्यांना स्वतःची लाज वाटत होती. हाड मागितलं ते त्यामुळे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तपासनीस आणि सासूबाई एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, फक्त बोलणं नव्हतं. एकाच खोलीत बसून सासूबाई लेकीला म्हणत, "त्यांना सांग, चहा निवतोय," आणि तपासनीस बायकोला म्हणत, "आईंना सांग, घेतो." लग्नाआधी सासूबाईंचं वाण्याचं दुकान होतं. तरुण तपासनीस तिथे काटा तपासायला गेले, काटा अकरा ग्रॅम चुकीचा निघाला आणि त्यांनी तसं लिहून दिलं. दुकानावर ठपका आला, अवघ्या गल्लीला कळलं. गल्ल्यावर बसलेल्या मुलीशी त्यांनी पुढे सहा महिन्यांनी लग्न केलं, तरी ते अकरा ग्रॅम काही सासूबाईंच्या मनातून गेले नाहीत. त्यांच्या मते जावई तसा चांगला होता, फक्त खोटारडा होता.

तर रविवारी सकाळी हाड पातेल्यात उतरवायचं ठरलं, आणि उतरेना. तपासनिसांनी टेप आणली. हाड एक्केचाळीस सेंटिमीटर, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चोवीस सेंटिमीटर. सतरा सेंटिमीटर हाड पातेल्याबाहेर उभं राहून त्यांच्याकडे पाहत होतं. त्यांनी ते उलटं घातलं. तरी सतराच.

तेवढ्यात शेजारचे कॅप्टन आले. कॅप्टन म्हणजे जहाजाचे वगैरे नव्हेत. तीस वर्षं त्यांनी बस चालवली होती, पण बोलण्यात हुकूम होता म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांनी परिस्थितीची पाहणी केली.

"फोडा," ते म्हणाले.

"कशानं?"

"तुमच्याकडं ती वजनं असतात ना पितळेची. पाच किलोचं काढा, एका दणक्यात दोन तुकडे."

तपासनीस एक पाऊल मागे सरले. "ती प्रमाण वजनं आहेत, कॅप्टन. त्यांना आम्ही बोटसुद्धा लावत नाही, रुमालानं धरतो. घामानं जड होतात."

"मग हातोडी आणा. आणि चांगली जोरात मारा, लाजू नका."

हाड पंच्यात गुंडाळून गॅलरीच्या कट्ट्यावर ठेवलं. पहिल्या घावाला फक्त आवाज झाला, दुसऱ्याला बायको दचकून उठून आली, तिसऱ्याला आतल्या खोलीतून सासूबाईंचा कण्हण्याचा सूर आला. चौथ्या घावाला हाड पंच्यातून निसटलं, कट्ट्यावरून घरंगळलं आणि खाली गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई त्या वेळी आपल्या गॅलरीत उत्तरपत्रिका तपासत होत्या.

बाई हाड वर्तमानपत्रात धरून वर आल्या. "हे तुमचं असावं," त्या म्हणाल्या. "थेट शून्य मिळालेल्या मुलाच्या पेपरावर पडलं. त्याला अजून काही व्हायचं बाकी नव्हतं म्हणून बरं." त्या थोड्या रागावल्याच होत्या, पण सूप म्हटल्यावर त्यांचा राग सल्ल्यात बदलला. हॅमचं हाड असं एकदम शिजवायचं नसतं, आधी रात्रभर पाण्यात घालायचं, नाहीतर सुपाचं मिठागर होतं. कॅप्टन म्हणाले, साफ चूक, भिजवलं की सगळं सत्त्व पाण्यात जातं आणि माणसाच्या तोंडी नुसतं लाकूड येतं. बाई म्हणाल्या, तुम्ही कधी केलंय का सूप? कॅप्टन म्हणाले, प्यायलोय ना. दोघंही तपासनिसांकडे न्यायाधीशाकडे पाहावं तसं पाहू लागले. तपासनिसांनी रात्रभर आणि अजिबात नाही यांचा मध्य काढायचा प्रयत्न केला आणि शेवटी हाड अर्धा तास भिजवलं. त्यामुळे दोघंही दुखावले.

मग बाईच म्हणाल्या, "पण हाडाला मारत कशाला बसलात? इमारतीचं मोठं पातेलं घ्या की. तळघरात पडलंय."

इमारतीचं मोठं पातेलं हे एक प्रकरण होतं. घरात साठ माणसं जेवायची असली की ते वर यायचं आणि एरवी तळघरात कुलपात असायचं. कुलपाची किल्ली होती सेक्रेटरींकडे, ज्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणत, कारण ते होतेच. निवृत्त झाल्यावरही त्यांनी दाराजवळ एक टेबल मांडलं होतं, टेबलावर रजिस्टर होतं आणि समोर खुर्ची मुद्दाम ठेवलेली नव्हती.

"नाव, मजला, किती वाजता नेणार, किती वाजता आणणार," पोस्टमास्तर म्हणाले. तपासनिसांनी नीटनेटक्या अक्षरात भरलं. असं रजिस्टर पाहून त्यांना जरा बरंच वाटलं. "आता प्रसंग. दोनपैकी एकावर खूण."

छापील दोनच रकाने होते. आनंदाचा प्रसंग. दुःखाचा प्रसंग.

"माझा यातला नाही," तपासनीस म्हणाले. "घरात आजारपण आहे. सूप करायचंय."

"आजारपण छापलेलं नाही."

"मग दोन्ही रिकामे सोडतो."

"रिकामा रकाना मला चालत नाही," पोस्टमास्तर म्हणाले, आणि तपासनिसांना ते पटलं, कारण तो त्यांनाही चालत नसे. दुसऱ्या कुणी सरळ आनंदावर खूण करून पातेलं उचललं असतं. पण तपासनिसांच्या हातून सव्वीस वर्षांत एक खोटी नोंद झाली नव्हती. सासूबाई आठ दिवस जेवलेल्या नाहीत, बायको नळ सोडून रडते, सोमवारी दवाखाना. याला आनंद म्हणून सही करायची? पेन दोनदा त्या रकान्याकडे गेलं आणि परत आलं. शेवटी त्यांनी दुःखावर बारीकशी, अगदी सौम्य खूण केली.

पोस्टमास्तरांनी ती पाहिली. त्यांनी आजारपणाचं ऐकलं होतं, पण त्यांच्या अनुभवात माणसं तोंडानं काहीही बोलतात आणि खरं ते लिहून देतात. विशेषतः अशा वेळी माणसाला सरळ बोलवत नाही, हेही त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला. "व्यक्तीशी नातं?"

"सासू."

"वाईट झालं."

"वाईट तर आहेच," तपासनीस म्हणाले.

पोस्टमास्तरांनी उठून स्वतः किल्ली दिली आणि वर त्यांचा हात हातात घेतला. याआधी ते कुणासाठी उठल्याचं ऐकिवात नव्हतं. मग नियमाप्रमाणे त्यांनी जिन्याशेजारच्या फळ्यावर चिठ्ठी टाचली, म्हणजे दुसऱ्या कुणी पातेलं मागायला येऊ नये. चिठ्ठीवर तेवढंच होतं जेवढं रजिस्टरात होतं. पातेलं: तिसरा मजला. प्रसंग: दुःखाचा. व्यक्ती: सासू.

तपासनीस त्याच वेळी पातेलं डोक्यावर घेऊन जिना चढत होते, त्यामुळे त्यांना फळा दिसला नाही. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

पातेलं शेगडीवर ठेवलं तेव्हा दोन्ही शेगड्या त्याच्या पोटाखाली गेल्या आणि ओट्यावर पाट्या-वरवंट्यालासुद्धा जागा उरली नाही. हाड त्यात आडवं निजलं, ऐसपैस. तपासनिसांनी हाड बुडेपर्यंत पाणी घालायचं ठरवलं. पातेल्याचा घेर मापला, खोली धरली, हिशेब केला. चौतीस लिटर.

"एका बाईसाठी चौतीस लिटर?" बायकोनं दारातून विचारलं.

"हाड बुडायला हवं. त्याहून कमी घालता येत नाही."

बायकोनं पातेल्यात वाकून पाहिलं. ती दोन रात्री जागी होती, आणि नवरा स्वयंपाकघरात पदर खोचल्यासारखा टॉवेल खोचून उभा आहे हे दृश्य तिला इतकं नवीन होतं की ते मोडावंसं तिला वाटलं नाही. "जळू देऊ नका," एवढं सांगून ती आईजवळ जाऊन बसली आणि बसल्या बसल्या झोपली.

बारा वाजले, दोन वाजले. तीन वाजता तपासनिसांनी पळीभर सूप बशीत घेऊन चाखलं. ते गरम पाणी होतं. हॅमशी त्याची लांबून ओळख असावी असं वाटत होतं, पण जवळीक नव्हती. तपासनीस स्टुलावर बसले. सासूबाई म्हणाल्याच होत्या, या घरात कोण करणार. तेच खरं व्हायला आलं होतं, आणि या वेळी तर काटासुद्धा नव्हता ज्यावर बोट ठेवावं. त्यांना फार वाईट वाटलं.

चारच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर कॅप्टन उभे होते, हातात बटाट्यांची पिशवी. त्यांनी पिशवी दिली, तपासनिसांच्या खांद्यावर हात ठेवला, ओठ हलवले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. कॅप्टन न बोलता गेले याचं तपासनिसांना जरा नवल वाटलं, पण बटाटे पाहून त्यांना वाटलं, सुपाच्या भांडणाचं मनाला लावून घेतलं असणार. पाच मिनिटांनी गणिताच्या बाई आल्या. गाजरं, कांदे आणि उकडलेल्या वाटाण्यांचं पातेलं. त्यांचे डोळे ओले होते.

"सकाळी मी रागावून बोलले," बाई म्हणाल्या. "मनात ठेवू नका. घरात काही असेल नसेल, हे राहू द्या. संध्याकाळी येतो आम्ही सगळे."

"सगळे?"

"मग काय. अशा वेळी नाही यायचं तर कधी?"

तपासनीस दार लावून, गाजरं-कांदे कवेत घेऊन परत आले. आपण या इमारतीला ओळखलंच नाही, असं त्यांना वाटलं. एका सुपासाठी माणसं एवढी जीव टाकतात. त्यानंतरही दार वाजत राहिलं. कुणी कोबी दिला, कुणी टोमॅटो, तळमजल्यावरच्या कुटुंबानं मिरी आणि लोण्याचा डबा. प्रत्येक जण हळू आवाजात बोलत होता आणि जाताना हात दाबत होता. तपासनिसांनी प्रत्येक भाजी तोलली, चिरली आणि पातेल्यात सोडली. गाजरं मऊ झाली, वाटाणे विरघळले, हाडाचं मांस आपोआप सुटून वर आलं, आणि साडेपाच वाजता त्यांनी पुन्हा बशीत घेऊन चाखलं. मग त्यांनी आणखी एकदा चाखलं, आणि तपासणीसाठी दोनदा पुरेसं असतानाही तिसऱ्यांदा चाखलं. सूप झालं होतं.

सहा वाजता लोक आले. एकेक करून, चपला बाहेर काढून, आवाज न करता. बाहेरची खोली भरली, मग पॅसेज भरला. कुणी सतरंजीवर बसलं, कुणी भिंतीला टेकलं. पोस्टमास्तर पांढरा शर्ट घालून आले होते. बाईंच्या हातात फुलं होती. तपासनीस पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते आणि माणसं मोजत होते. सत्तावीस. वाट्या नऊ. त्यांच्या कपाळावर घाम आला, तो लोकांनी पाहिला आणि माना हलवल्या.

"मी सकाळी इथंच होतो," कॅप्टन शेजारच्या माणसाला दबक्या आवाजात सांगत होते. "आतून नुसत्या कण्हल्या. हातोडी मारायला मीच सांगितलं हो. जोरात मारा म्हणालो. त्या आवाजाचाच धक्का बसला असणार."

"असं म्हणू नका," शेजारचा म्हणाला. "वेळ आलेली असते."

तपासनिसांना हे तुकड्यातुकड्यानं ऐकू येत होतं, पण त्यांचं चित्त वाट्यांवर होतं. तोवर कॅप्टनना राहवेना. ते उठून उभे राहिले, सदऱ्याची टोकं ओढून सारखी केली आणि म्हणाले, "दोन शब्द बोलतो. यांच्या सासूबाई कडक होत्या, पण सचोटीच्या होत्या. त्यांच्या दुकानातून मी किती वर्षं साखर नेली. कधी वजनात एक दाणा कमी दिला नाही. एक दाणा नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि तपासनिसांच्या तोंडून, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, ते स्वतः बोलताहेत हे त्यांना कळायच्या आत शब्द निघून गेले.

"अकरा ग्रॅम."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. अशा प्रसंगी, अशा माणसाबद्दल, जावयानं हे बोलावं? बाईंनी फुलं खाली ठेवली. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला, बसलेला पण ठणठणीत.

"त्या दिवशी पारडं ओलं होतं."

कॅप्टन मटकन खाली बसले. कुणाचा तरी हात कुणाच्या तरी हातात गेला. आतलं दार उघडलं, आणि आठ दिवसांत अंथरुणातून न उठलेल्या सासूबाई चौकट धरून उभ्या राहिल्या. मागून बायको झोपेतून उठून धावत आली होती आणि काय चाललंय ते तिला समजत नव्हतं. सासूबाईंनी सत्तावीस माणसं पाहिली, सतरंजी पाहिली, फुलं पाहिली. त्यांनी आयुष्यभर दुकान चालवलं होतं. गर्दी कशासाठी जमली हे त्यांना चटकन कळायचं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी ज्यांचं बोलणं कर्तव्य होतं ते पोस्टमास्तर उठले, घसा खाकरून म्हणाले, "रजिस्टरप्रमाणे… आपण."

सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग त्यांची मान हळूहळू फिरली आणि पळी घेऊन उभ्या असलेल्या जावयावर येऊन थांबली. तपासनिसांना तोपर्यंत सगळा उलगडा झाला होता. बटाटे, ओले डोळे, दाबलेले हात. त्यांना वाटलं, आता इथेच जमीन दुभंगावी, पण तिसऱ्या मजल्यावर दुभंगली तर खाली गणिताच्या बाईंकडे पडू, आणि त्यांना आज आधीच पुरेसा त्रास झालाय.

"आनंदाच्या रकान्यात खूण करवेना," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही जेवत नव्हता."

हे ते थेट सासूबाईंना म्हणाले होते. बायकोकडे पाहून नव्हे. बायकोच्या हे आधी लक्षात आलं आणि तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "वास कसला येतोय?"

"सूप आहे. हाडाचं."

"कुणी केलं?"

"मी."

"आणा."

तपासनिसांनी वाटी आणली. वाटी त्यांनी प्रमाण वजनासारखी रुमालानं धरली होती. सत्तावीस माणसं बघत होती. सासूबाईंनी एक चमचा घेतला, तोंडात ठेवला, गिळला. दुसरा घेतला. मग चमचा बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावली आणि खाली ठेवली ती रिकामी. बायकोनं भिंतीला हात टेकला.

"मीठ जास्त आहे," सासूबाई सरळ जावयाकडे पाहत म्हणाल्या. "अकरा ग्रॅम."

चौतीस लिटर सुपात अकरा ग्रॅम मीठ जगातल्या कुठल्याही जिभेला कळणं शक्य नाही, हे तपासनिसांनी त्या क्षणी मनातल्या मनात गणित करून पाहिलं. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. आजवरच्या आयुष्यात असं गणित ओठांपर्यंत आलं आणि बाहेर पडलं नाही, असं झालेलं नव्हतं.

"असेल," ते म्हणाले.

"तोलून बघायचं नाही?"

"नाही. तुम्ही म्हणताय तर असेल." मग त्यांनी पळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि आई, पारडं ओलं असेल. तपासायच्या आधी ते पुसून घ्यायचं असतं, आमचा पहिलाच नियम आहे. मी त्या दिवशी पुसलं नव्हतं."

"का?"

तपासनिसांनी फक्त बायकोकडे पाहिलं, जी त्या दिवशी गल्ल्यावर बसली होती, केसांत पेन्सिल खोचून. बायको एकदम वळून स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना पातेलं ढवळू लागली. तिनं नळ सोडला नाही.

सासूबाईंना सगळं कळलं. एकोणीस वर्षं त्यांना वाटत होतं की या माणसाचं सगळं लक्ष काट्यावर होतं आणि तरी त्यानं खोटं लिहिलं. लक्ष काट्यावर नव्हतंच, ही शक्यता त्यांच्या डोक्यात कधी आली नव्हती. त्या हसल्या. आधी खांदे हलले, मग खोकला आला, मग खोकल्यातून हसू आलं, आणि ते बघून कॅप्टन सगळ्यात मोठ्यानं हसले, कारण हातोडीचं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरलं होतं.

"मग बघत काय बसलाय," सासूबाई वाटी पुढे करत म्हणाल्या. "वाढा अजून. आणि यांना पण वाढा. माझ्या नावानं आलेत बिचारे, उपाशी कुठं पाठवता."

ज्याच्या त्याच्या घरून वाट्या आल्या. चौतीस लिटर सूप तासाभरात तळाला गेलं. कॅप्टन म्हणाले, भिजवलं असतं तर ही चव आली नसती. बाई म्हणाल्या, अर्धा तास भिजवलं म्हणून तर आली. हाड शेवटी पांढरं स्वच्छ होऊन पातेल्यात एकटंच उरलं आणि ते फेकायला कुणाचा हात धजावला नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टर आले, सासूबाई नाश्ता करत होत्या, डॉक्टर नुसताच चहा घेऊन गेले. त्यांच्या मागोमाग पोस्टमास्तर रजिस्टर काखेत मारून आले. रात्रभर त्यांना झोप नव्हती. नोंद चुकीची होती आणि चुकीची नोंद तशीच ठेवणं त्यांना शक्य नव्हतं. पण खाडाखोड करायची तर नियमाप्रमाणे संबंधित व्यक्तीची सही लागते, आणि या रकान्यातल्या व्यक्तीची सही घ्यायची वेळ इमारतीत आजवर आली नव्हती.

तपासनिसांनी स्वतः दुःखावरची खूण पट्टी लावून एका रेघेत खोडली. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली खाडाखोड होती. आनंदावर खूण केली, ती मात्र चांगली ठळक. सासूबाईंनी चष्मा लावला आणि खाली सही केली.

"इथं कारण लिहावं लागेल," पोस्टमास्तर म्हणाले. "दुरुस्तीचं."

तपासनीस पेन घ्यायला पुढे झाले, पण सासूबाईंनी पेन दिलं नाही. त्यांनी दुकानाच्या हिशेबाच्या वळणदार अक्षरात, रकान्याच्या बाहेर न जाता, स्वतःच लिहिलं: व्यक्ती जेवली. जावयानं केलं होतं.